सेक्शन सार

पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत तीस मीटरची मोजपट्टी. असा गृहस्थ चेन्नईजवळच्या तांबरम सॅनटोरियमच्या बाजारात दिसला की पानबिडीवाले आधी काउंटर सावरतात आणि मग हसतात. हे आमचे रावकाका. वस्तीत त्यांना सगळे ‘सेक्शन सार’ म्हणतात, कारण त्यांचं कुठलंही वाक्य कलमाच्या आकड्याशिवाय सुरू होत नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर कमी दिली तरी ते आधी मनातल्या मनात कलम शोधतात. सापडलं नाही तर गप्प बसतात. हा त्यांचा मोठाच गुण.

रावकाका तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी दक्षिणेत उतरली, त्यांतलं एक. घरात मराठी बोलतात, हिशेब तमिळमध्ये करतात आणि रागावतात इंग्रजीत. त्यांची मराठी मी इथे आपल्या वळणाची करून देते, नाहीतर वाचणाऱ्याला दर ओळीला थांबावं लागेल. सांगलीहून नवऱ्याच्या नोकरीपायी मी इथे आले, तेव्हा ‘मराठीचं माणूस आलंय’ म्हणून ते पहिल्याच आठवड्यात भेटायला आले. येताना लोक केळी आणतात, शेवंतीची वेणी आणतात. काकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची झेरॉक्स आणली. स्पायरल बायंडिंग केलेली.

हयातभर आरोग्य निरीक्षक होते. लोकांच्या गच्चीवरच्या टाक्यांत डोकावून डासांच्या अळ्या मोजल्या. असा माणूस निवृत्त झाला की त्याला मोजायला काहीतरी लागतं. त्यात नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांना तंबाखू नियंत्रणाच्या एका प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. बाकीचे जेवून आणि प्रमाणपत्र घेऊन घरी गेले. काकांनी दिलेलं सगळं वाचलं. तेव्हापासून हे सुरू आहे.

करार करणारे लोक वेगळे असतात आणि करार वाचणारे वेगळे. रावकाका तिसऱ्याच वर्गातले: जीनिव्हात सही झाली म्हणजे ती आपल्या गल्लीत झाली, असं मानणारे. त्यांची सनावळी ऐकण्यासारखी असते. २१ मे २००३, करार मंजूर. संघटनेच्या घटनेत करार घडवून आणण्याचा अधिकार होता, तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा वापरला गेला. १० सप्टेंबर २००३, भारताची सही. ५ फेब्रुवारी २००४, भारताची अंतिम मान्यता. २७ फेब्रुवारी २००५, करार लागू. आणि मग, चष्मा काढून, आवाज खाली आणून: “आपला कायदा, अम्मा, १८ मे २००३ चा. जगाच्या तीन दिवस आधीचा.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की पुढे काही विचारायचा धीर होत नाही.

पुढे काय झालं, ते मात्र विचारायला हवं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम आले. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. अंबुमणी रामदॉस तमिळनाडूचेच, त्यामुळे काकांना ते घरचं कार्य वाटलं होतं. दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. तो कोणी वसूल करायचा याची एक यादी नियमांना जोडलेली आहे. यादीत स्टेशनमास्तर आहेत, पोस्टमास्तर आहेत, मुख्याध्यापक आहेत, ग्रंथपालसुद्धा आहेत. निवृत्त आरोग्य निरीक्षक नाहीत. काकांनी ती यादी किती वेळा वाचली असेल, देव जाणे. शेवटी ते एका वाचनालयात गेले आणि तिथल्या ग्रंथपालांना त्यांच्या अधिकाराची जाणीव करून दिली. तो बिचारा पेपरला सुतळी बांधत होता. म्हणाला, “सार, इथे वाचायलाच कोणी येत नाही, ओढायला कोण येणार?”

म्हणून मग काकांनी असं काम निवडलं ज्याला अधिकार लागत नाही, पट्टी लागते.

कायद्याचं सहावं कलम म्हणतं, अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकायची नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत कोणालाच विकायची नाही. मुळात यार्ड! देशाने मीटर-किलोग्रॅम स्वीकारले १९५६ साली, आणि २००३ सालच्या कायद्यात यार्ड. काकांची पट्टी मीटरची. शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, म्हणजे पट्टीच्या तीन लांब्या आणि वर एक ढांग. इथवर ठीक. पण २००४ च्या नियमांत आणखी एक बारकावा आहे: अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून त्रिज्येने मोजायचं. आता त्रिज्या काही रस्त्याने जात नाही. माणूस वळतो, रिक्षा वळते, तांबरमात तर बससुद्धा नको तिथे वळते. त्रिज्या सरळ जाते.

एका रविवारी पट्टीचं दुसरं टोक धरायला मला बोलावणं आलं. वस्तीत मराठी समजणारी आणि रविवारी मोकळी अशी मी एकटीच. आम्ही एका शाळेच्या भिंतीपासून निघालो. पहिली लांबी एका उघड्या गटारावरून गेली. दुसरी लांबी एका घराच्या मागच्या दारातून आत शिरली आणि पुढच्या दारातून बाहेर आली. मधे स्वयंपाकघर होतं आणि तिथल्या मामी इडलीचं पीठ वाटत होत्या. काकांनी दारातूनच हात जोडून सांगितलं की हे कलम सहाचं काम आहे. मामींनी एवढंच विचारलं की यात घर पाडतात का. नाही म्हटल्यावर त्यांनी ग्राइंडर जरा बाजूला घेतला, पट्टी जाऊ दिली आणि आम्हा दोघांना स्टीलच्या पेल्यातून कॉफी दिली. कॉफी होईपर्यंत त्रिज्या तशीच जमिनीवर पडून होती. मामींच्या नातवाने तिच्यावरून दोनदा तीनचाकी सायकल नेली.

तिसऱ्या लांबीत पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, आडवा आला. छोटंसं देऊळ, पण बरोबर रेषेत. देवाच्या डोक्यावरून पट्टी न्यायची काकांची तयारी नव्हती आणि रेषा सोडायचीही नव्हती. मग त्यांनी चपला काढल्या, पिशवीतून खडू काढला, काटकोन आखला आणि पायथागोरसच्या मदतीने गणपतीला वळसा घातला. वर्गमूळ तोंडी काढलं. देवळाचा पुजारी एवढा वेळ गंभीरपणे बघत होता. त्याने शेवटी दोघांना विभूती दिली.

आणि ही सगळी यातायात करून ९१.४४ मीटरची रेषा जिथे पोचली, ते होतं आमच्या अण्णाचीचं दुकान. चेन्नईत दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून आलेल्या किराणावाल्याला अण्णाची म्हणतात. हा कोविलपट्टीकडचा. पेट्टीकडै, म्हणजे आपल्या टपरीची थोरली बहीण: वर केळ्यांचे घड, खाली बिस्किटांच्या बरण्या, मधे काउंटर. रेषा काउंटरला मधोमध छेदून गेली. सिगारेटची पेटी रेषेच्या आत, केळी रेषेच्या बाहेर. काकांनी काउंटरवर खडूने खूण केली आणि कलम वाचून दाखवलं. अण्णाचीने सगळं ऐकून घेतलं. “सरी, सार,” म्हणाला, सिगारेटची पेटी उचलली आणि केळ्यांच्या खाली ठेवली. बिस्किटं इकडे आणली. दीड हात हालचाल झाली आणि भारताने आपलं आंतरराष्ट्रीय कर्तव्य त्या दुकानापुरतं पार पाडलं.

काका हरले नाहीत. दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक बाई हिंदीचे क्लास घेतात. ती शैक्षणिक संस्था धरली तर अख्खं दुकानच रेषेच्या आत येतं. यावर त्यांनी पंधरा दिवस विचार केला. मग स्वतःच सोडून दिलं. तमिळनाडूत हिंदीच्या क्लासला सरकारी कागदावर मान्यता मागायला जाणं म्हणजे तंबाखू राहील बाजूला आणि दुसरंच काहीतरी पेटेल, एवढं भान त्यांना आहे.

पेटण्यावरून आठवलं. अण्णाचीच्या दुकानाच्या खांबाला काथ्याचा एक दोर टांगलेला असतो. त्याचं खालचं टोक दिवसभर धुमसत असतं. गिऱ्हाईक सुटी सिगारेट घेतं, दोराला टेकवतं, दोन झुरके मारतं आणि चालू लागतं. काडेपेटीचा खर्च नाही. तर २००८ च्या नियमांत लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी राखपात्र, काडेपेटी, लायटर आणि धूम्रपानाला सोय म्हणून केलेल्या इतर वस्तू ठेवायच्या नाहीत. काकांनी दोराकडे बोट दाखवलं. अण्णाची म्हणाला, “सार, हा विहिरीचा दोर आहे.” आणि खरंच, दोर काही ओढणाऱ्यांसाठी कोणी वळत नाही. काका दोन दिवस अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी दुसरा मुद्दा घेऊन आले. कायद्याने उघडी जागा वगळली आहे, पण नियमांनी बसथांबा परत आत घेतला आहे. दोर थांब्याच्या हद्दीत टांगलेला असेल तर गुन्हा, तीन फूट पलीकडे रस्त्यावर असेल तर नाही. प्रश्न उरला, थांबा संपतो कुठे? चेन्नईची बस थांब्यावर कधीच उभी राहत नाही. ती अलीकडे राहते किंवा पलीकडे, आणि लोक तिच्यामागे पळत असतात. बस थांबेल तिथे थांबा धरला, तर तांबरम ते वंडलूर सगळा जीएसटी रोडच धूम्रपानमुक्त होईल. काकांना ही कल्पना फार आवडली. दोर आहे तिथेच आहे.

पाकिटावरच्या चित्रांचंही असंच. १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर रोगाच्या फोटोसकट इशारा आला. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द केला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. एवढ्या लढाईनंतर जिंकलेलं ते चित्र बघतो कोण? गिऱ्हाईक घेतं एक सिगारेट, सुटी. पाकीट राहतं दुकानात. त्या भीषण फोटोसमोर दिवसभर बसतो तो अण्णाची, आणि तो विडीसुद्धा ओढत नाही. काकांनी मला अभिमानाने सांगितलं होतं की महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी घातली. “तुमच्या सांगलीला आता कोणी सुटी विकत नसेल, नाही?” मी त्यांना आणखी कॉफी हवी का विचारलं.

एकदा मीही खोडी काढली. म्हटलं, काका, अख्ख्या तमिळनाडूला सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलायला शिकवलं ते एका मराठी माणसाने, शिवाजीराव गायकवाडांनी. रजनीकांत म्हणा. आणि ती विझवायला निघालात तुम्ही, तेही मराठीच. काका खूप वेळ हसले नाहीत. मग म्हणाले, २००२ साली ‘बाबा’ आला तेव्हा त्यातल्या सिगारेटींवरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं का? “पण अम्मा, आम्ही थिएटरात शिट्ट्या मारल्या होत्या.”

लेखकाची वाईट सवय म्हणून मी त्यांच्यात खोट शोधत होते. अशा माणसाच्या कनवटीला तपकिरीची डबी निघायलाच हवी, किंवा पानात चिमूटभर तंबाखू तरी. नाही निघाली. खोट निघाली ती त्यांच्या विम्यात.

झालं असं. कराराच्या कलम ५.३ मध्ये म्हटलंय की आरोग्यधोरण तंबाखूच्या धंद्याच्या हितसंबंधांपासून जपा. काकांनी हे कलम अण्णाचीला समजावून सांगितलं. अण्णाची रोज तमिळ पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. त्याने विचारलं, “सार, तुमची एलआयसीची पॉलिसी आहे ना? एलआयसीकडे सिगारेट करणाऱ्या आयटीसीचे पंधराएक टक्के शेअर आहेत. म्हणजे तुम्हीच आमचे मालक.” काका जागच्या जागी बसले. बातमी खरीच होती. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात यावर याचिकाही झाली होती. त्या रात्री त्यांना झोप नाही. सकाळी त्यांनी पॉलिसी मोडायचं जाहीर केलं. मुदत पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते. काकू सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी पोळपाट बाजूला ठेवून म्हणाल्या, “जीनिव्हाला कळवा, बायको नाही म्हणते.” वास्तविक कराराचं कलम ३० स्पष्ट आहे: कोणाही देशाला कुठलीही अट वगळून सही करता येत नाही. काकूंनी वगळली. काकांनी ऐकलं.

पण त्या धक्क्यातून त्यांच्या हाती मोठं घबाड लागलं. सही करतं आरोग्य मंत्रालय. वाणिज्य मंत्रालयाच्या हाताखाली गुंटूरला तंबाखू मंडळ आहे, १९७५ च्या कायद्याने आलेलं, तंबाखूची शेती आणि निर्यात नीट चालावी म्हणून. राजमहेंद्रीला १९४७ साली केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था निघाली, पीक चांगलं यावं म्हणून. कामगार खातं विडी कामगारांचं कल्याण पाहतं, आणि ते पाहायलाच हवं. आपल्या सोलापूर-सिन्नरच्या बायकांची बोटं त्यात झिजली आहेत. अर्थ खातं कर मोजतं. काकांनी माहिती अधिकारात साधा प्रश्न टाकला: या करारातली कुठली कलमं कोणी लागू करायची? माहिती अधिकाराच्या सहाव्या कलमात अशी सोय आहे की अर्ज दुसऱ्या खात्याचा वाटला तर पाच दिवसांत तिकडे पाठवायचा. ही एकच तरतूद मी संपूर्णपणे अंमलात आलेली पाहिली. अर्ज एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिथून राज्याकडे, राज्याकडून खाली उतरत उतरत आला. वाटेत नोव्हेंबर २०२१ मध्ये तांबरम नगरपालिकेची महानगरपालिका झाली, म्हणून आणखी एक वळसा पडला. शेवटी एका कचेरीतून एक तरुण मुलगा काकांच्या दारात आला. म्हणाला, सार, असा असा अर्ज आलाय, आमच्याकडे यातलं कोणालाच कळत नाही. वरिष्ठ म्हणाले सेक्शन सारांना विचारून उत्तर लिहून आण.

काकांनी दिलं लिहून. सात पानं. मग ते उत्तर त्यांना रजिस्टर पोस्टाने आलं. त्यांनी ते फाइलला लावलं. त्यांना यात हसण्यासारखं काहीच वाटलं नाही.

मला हसू येतं, पण राग अण्णाचीचा येत नाही आणि काकांचा तर नाहीच. याच भागात, काकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी १९२८ साली काढलेलं क्षयरोग्यांचं सॅनटोरियम आहे. स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं. आज ते छातीच्या आजारांचं मोठं सरकारी रुग्णालय आहे. एचआयव्हीची औषधं फुकट द्यायचं देशाने एप्रिल २००४ मध्ये सुरू केलं, तेव्हा पहिल्या मोजक्या केंद्रांत ते होतं. म्हणजे जगाने ठरवलेलं तांबरमात उतरत नाही असं नाही. उतरतं, कारण त्या खिडकीसमोर रांग असते. गोळी मिळाली नाही तर ओरडणारा माणूस असतो. तंबाखूच्या करारात असा मागणारा कोणी नाही. ‘माझ्या वाटणीचं कलम आठ द्या’ म्हणत कोण रांग लावतो? रांग आहे ती अण्णाचीच्या दोरासमोर. एवढ्या मोठ्या करारासमोर मागायला उभा असलेला एकटा माणूस मला माहीत आहे, आणि त्याच्या हातात मोजपट्टी आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये करारातल्या देशांची परिषद ग्रेटर नोएडात भरली, तेव्हा काका घरी टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते. टीव्हीवर दिल्लीचं धुरकं दिसत होतं, इतकं दाट की धूम्रपानबंदीवर बोलायला आलेल्यांना समोरची इमारत दिसली नसेल. परिषद सुरू होऊन एक दिवस झाला आणि नोटाबंदी झाली. काकांनी त्या वहीत फक्त एक नोंद केली: दंड दोनशेचा, आणि दोनशेची नोटच नाही. ती निघाली पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. काका ही सुधारणा कराराच्या खात्यावर धरतात.

त्या वहीला तीन रकाने आहेत: कलम, लागू की नाही, शेरा. गेल्या पावसाळ्यात ते कलम १७ पाशी आले. तंबाखूवर पोट असणाऱ्यांना, म्हणजे शेतकऱ्यांना, कामगारांना आणि जमेल तिथे किरकोळ विक्रेत्यांनाही, परवडेल असा दुसरा धंदा मिळवून द्या, असं ते कलम सांगतं. काकांना एकदम लाज वाटली. इतकी वर्षं आपण अण्णाचीला नुसत्या बंद्या सांगितल्या, त्याचं देणं दिलंच नाही. त्यांनी पेन्शनमधून पैसे काढले आणि अण्णाचीच्याच गावची, कोविलपट्टीची कडलै मिठाई मागवली. आपल्या शेंगदाण्याच्या चिक्कीची तिकडची बहीण. २०२० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मोठी काचेची बरणी स्वतः पुसून काउंटरवर ठेवली, बरोबर खडूच्या रेषेवर. अण्णाची गहिवरला. इतक्या कायद्यांत त्याला कोणी भांडवल दिलं नव्हतं.

बरणी चार दिवसांत संपली. दुसरी आली, तीही संपली. काका रोज संध्याकाळी उभे राहून बघत आणि खूश होत. मग त्यांच्या लक्षात आलं की घेणारे सगळे बापे आहेत. ऑफिसातून परतताना सॅनटोरियम स्टेशनवर उतरायचं, एक सिगारेट घ्यायची, दोराला लावायची, ओढून झाली की वर एक मिठाई तोंडात टाकायची. घरी वास येत नाही. पूर्वी बायकोच्या भीतीने जे नुसतेच पुढे निघून जात, तेही आता थांबायला लागले होते. अण्णाचीने दोन्हींचा मिळून एक भाव लावला होता.

काका माझ्याकडे आले, वही उघडून बसले. कलम १७ समोर ‘लागू’ असं लिहावं की नाही, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात: ‘पर्यायी धंदा चांगला चालला आहे. मूळ धंदाही.’